खरवडीचा रस

वणीहून मुकुटबनकडे येताना वाटेतल्या कोणत्याही ढाब्यावर बसा. शेजारचा माणूस वाढप्याला "भाऊ, ग्रेव्ही जास्त टाक" असे सांगताना ऐकू येईल. ढाब्यावरची ही ग्रेव्ही म्हणजे कांदा, टमाटा, खोबरे आणि तिखट ह्यांचे वाटण. ते सकाळीच मोठ्या गंजात शिजवून ठेवलेले असते. त्यात कोंबडी पडली की चिकन झाले, पनीर पडले की पनीर झाले. ह्या पदार्थाशी आमचे भांडण नाही. परंतु हा शब्द आपण ज्यांच्याकडून उचलला, त्या इंग्रजांच्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ निराळा आहे. मांसाचा मोठा तुकडा भाजताना त्यातून जो रस आणि जी चरबी भांड्यात गळते, आणि भांड्याच्या बुडाला जी तांबूस पुटे धरतात, त्यांपासूनच केलेले साधे कालवण म्हणजे त्यांची ग्रेव्ही. तिच्यात कांदा नसला तरी चालतो, मसाला नसला तरी चालतो; बुडाची पुटे मात्र पाहिजेतच.

आपल्या भाषेत ह्या पुटांना चांगला शब्द आहे: खरवड. दूध आटवलेल्या भांड्याच्या तळाची खरवड मिळावी म्हणून भावंडांची भांडणे झाली नाहीत असे घर विरळा. मग मटणाच्या भांड्याची खरवड आपण राख लावून घासून का टाकतो, हा आमचा प्रश्न आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने चुलीपाशी कशाला लुडबुड करावी, असे काही श्रोत्यांस वाटेल. त्याचे उत्तर पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की खाणीवरच्या आणि कारखान्यावरच्या खानावळींत आमचे अर्धे आयुष्य गेले, आणि पगाराच्या खालोखाल आमच्यापुढे सर्वांत जास्त तक्रारी आल्या त्या रश्श्याच्या.

आधी मांस कोणते हे ठरवू. इंग्रज हा रस मुख्यतः गोमांसाच्या भाजलेल्या तुकड्याबरोबर करतात. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी घातली, आणि २०१५ पासून ती बैल व वळू ह्यांनाही लागू झाली. तेव्हा झरी जामणीच्या चुलीवर आम्ही बोकडाचे मटण धरले आहे. रीत बदलत नाही. म्हशीचे मांस असो, डुकराचे असो की कोंबडीचे असो, भांड्याच्या बुडाशी घडते ते एकच.

काय घडते? मांस पाण्यात उकळले तर ते करडे पडते, कितीही वेळ उकळा, तांबूस होत नाही. कारण उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. तेच मांस कोरड्या तापल्या लोखंडाला टेकले, की त्याच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते, उष्णता सुमारे १४० अंशांच्या पुढे जाते, आणि मांसातील प्रथिनांचे घटक व त्यातील थोडीशी साखर ह्यांचा संयोग होऊन शेकडो नवी द्रव्ये तयार होतात. तांबूस रंग त्यांचा, आणि तो खमंग वासही त्यांचाच. मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ह्या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीचा रंग, ह्या सर्वांच्या मागे मुख्यतः हीच क्रिया आहे. आमची आई ह्याला "खमंग झालं" म्हणायची. तिला मेयार ठाऊक नव्हता, पण आच कधी कमी करायची ते ठाऊक होते.

आता कृती. मांडीचा साधारण एक किलोचा अखंड तुकडा घ्यावा. खाटकाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर त्याचा हात सवयीने फोडी करू लागतो. मीठ, आले-लसणाचा ठेचा आणि मिरपूड लावून तासभर ठेवावा. भांड्यात टाकण्यापूर्वी तो फडक्याने टिपून कोरडा करावा. ओला तुकडा आधी आपल्याच पाण्यात शिजतो आणि तांबूस व्हायला वेळ लावतो. भांडे जाड बुडाचे लोखंडी असावे. जर्मनचा पातळ गंज एका ठिकाणी करपतो आणि दुसऱ्या ठिकाणी कच्चा राहतो. न चिकटणारे नवे तवे-कढया पुष्कळ घरांत आल्या आहेत, परंतु ह्या कामाला त्या निरुपयोगी, कारण इथे चिकटणे हेच तर हवे आहे.

दोन पळ्या तेल तापवून तुकडा सर्व बाजूंनी तांबूस करून घ्यावा. ह्याला पाव तास लागतो आणि तेवढा तो द्यावाच. मग वाटीभर गरम पाणी घालून झाकण लावावे, झाकणावर चार निखारे ठेवावेत आणि मंद आचेवर दीड ते दोन तास सोडून द्यावे. मधून मधून पाहून पाणी आटले असेल तर थोडे घालावे. बोकडाचे मांस चिवट असते, ते नुसत्या कोरड्या आचेने मऊ पडत नाही, म्हणून ही पाण्याची मदत. सुरी सहज शिरू लागली की झाकण काढावे आणि उरलेले पाणी आटू द्यावे. पाणी संपताच आवाज बदलतो: उकळीची बुडबुड थांबते आणि चरबीची चरचर सुरू होते. त्या चरबीत तुकडा पुन्हा उलटसुलट परतावा. बुडाला खरवड धरते ती मुख्यतः ह्या शेवटच्या दहा मिनिटांत.

तुकडा ताटात काढून झाकून ठेवावा. लगेच कापू नये. पाव तास तो निवू द्यावा, म्हणजे कापताना रस कमी वाहतो. ताटात जो गळेल तो रस टाकू नये, त्याचे काम पुढे आहे.

आता भांड्यात पाहावे. वर चरबी आणि तेल तरंगते आहे, खाली खरवड. खरवडीचा रंग विटकरी किंवा गडद तपकिरी असेल तर उत्तम. काळी असेल तर बोटाच्या टोकावर थोडी घेऊन चाखावी. कडू लागली तर ती धुऊनच टाकावी, तिच्यापासून कोणतीही युक्ती केली तरी चांगला रस होत नाही. वरची चरबी वाटीत ओतून घ्यावी आणि भांड्यात दोन मोठे चमचे तेवढी ठेवावी. तीत दोन मोठे चमचे गव्हाचे पीठ घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे भाजावे, बेसनाच्या लाडवासाठी भाजतो तसे, फक्त इतका वेळ नाही. मग अर्धी-अर्धी वाटी करून एकूण अडीच-तीन वाट्या गरम पाणी घालावे, आणि प्रत्येक वेळी लाकडी सराट्याने बूड खरवडीत राहावे.

येथे दोन गोष्टींची कारणे समजून घेतली, तर कृती पाठ करावी लागत नाही. पहिली गोष्ट, खरवड सुटते ती पाण्याने, तेलाने नव्हे. तांबूस झालेल्या द्रव्यांपैकी पुष्कळ पाण्यात विरघळणारी असतात. तेलात ती तशीच चिकटून राहतात. ज्या घरी रश्श्याला चव नाही म्हणून वरून आणखी तेल ओततात, त्या घरी तर्री वाढते, चव बुडाशीच राहते. दुसरी गोष्ट, पिठाच्या गुठळ्या. पिठातला प्रत्येक कण पाणी पिऊन फुगतो आणि रस दाट करतो. परंतु कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचे कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि आतले कोरडेच अडकून पडतात. ती गुठळी. चरबीत परतलेल्या पिठाचा प्रत्येक कण चरबीने वेगळा झालेला असतो, म्हणून पाणी सर्वांना सारखे पोचते. ज्वारीचे पीठ घेतले तरी चालते. रस किंचित रवाळ होतो, पण भाकरीबरोबर आम्हाला तोच बरा वाटतो.

पाच मिनिटे उकळी आली, की ताटात गळलेला रस त्यात घालावा, चव पाहून मग मीठ. मीठ आधी घातले आणि रस आटला की खारट होतो. थोडे आंबट हवे असेल तर चिंचेचा कोळ अगदी शेवटी, तोही वाटीत काढल्यावर. लोखंडात आंबट उकळले तर रस काळवंडतो आणि लोखंडाची चव लागते.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत गोमांसाचा जो "आसाद" करतात, त्याची रीत वर सांगितल्यासारखीच आहे. शब्द पोर्तुगीज, अर्थ भाजलेले. परंतु काम भट्टीत न होता भांड्यात होते, मांस आधी शिजते आणि मग आपल्याच चरबीत तांबूस होते. आले, लसूण, मिरी आणि शिरका हा त्याचा सरंजाम. ह्याच गोव्याच्या माणसांनी पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर भटारखाने आणि जेवणघरे सांभाळली. खलाशी एका मुलखाचे, बॉयलरवाले दुसऱ्या मुलखाचे, आणि वाढपी-आचारी गोवेकर, अशी तेथे वाटणीच होती. मुंबईस धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या "कूड" नावाच्या खोल्या असत, आणि बोट मिळेपर्यंत ही माणसे तेथे दिवस काढीत. साहेबांच्या टेबलावरची ग्रेव्ही ज्यांच्या हातची, त्यांचे बिऱ्हाड एका पेटीत मावत असे.

काढून ठेवलेल्या चरबीची कथा ह्याहून मजेची आहे. इंग्लंडातल्या मोठ्या वाड्यांत भाजलेल्या मांसाची गळलेली चरबी हा स्वयंपाकिणीचा हक्क समजला जाई. ती ती मागच्या दाराने विकी आणि पैसे आपल्यापाशी ठेवी. गरीब माणसे ती विकत घेऊन लोण्याऐवजी पावाला लावीत. तेथील कामगार वस्त्यांत पाव आणि ही चरबी हे पुढेही कित्येक वर्षे नेहमीचे खाणे होते. आपल्याकडे मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यजीवनावर शाहू पाटोळे ह्यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" हे पुस्तक २०१५ साली लिहिले. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांपासून कितीतरी गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. ज्याच्या वाट्याला चांगला तुकडा येत नाही, तो उरल्यासुरल्याचे शास्त्र जाणतो. हे तिकडेही खरे आणि इकडेही.

आता त्या तक्रारींकडे येतो. एका ठेकेदाराच्या खानावळीत आठवड्यातून एकदा मटण असे. प्रत्येकाच्या ताटात वाटी भरून रस्सा आणि त्यात दोन हाडे. मांस कोठे गेले असे विचारले, की उत्तर ठरलेले: "अहो, मांसाचं सगळं सत्त्व रश्श्यातच उतरतं. फोडी म्हणजे नुसता चोथा." आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे पटे, कारण त्यांच्या घरीही आजारी माणसाला असेच सांगून नुसता रस्सा पाजीत.

ही समजूत फार मोठ्या माणसाने पसरवली आहे. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये असे मांडले, की मांसातील रसात विरघळणारी द्रव्ये हेच पोषणाचे सार, आणि मांस आधी कडक आचेवर भाजले तर बाहेर कवच धरून तो रस आत कोंडला जातो. पुढे १८६५ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशात मांस उकळून त्याचा अर्क डब्यांत भरून विकू लागली. एक किलो अर्काला सुमारे ३० किलो मांस लागे. दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. कवच वगैरे काही धरत नाही. भाजताना जी चरचर ऐकू येते ती रस बाहेर पडून उडत असल्याचीच. आणि अर्कात चव पुष्कळ, पण शरीर बांधणारे प्रथिन फार थोडे. १०० ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि शिजवल्यावर त्यांतली बहुतेक सगळी फोडीतच राहतात. हाडांतून जे सरेस रश्श्यात उतरते तेही प्रथिनच खरे, परंतु अपुरे. त्यात शरीराला लागणारा एक घटक मुळीच नसतो, म्हणून केवळ त्याच्यावर भागत नाही.

आम्ही हे खानावळीत सर्वांसमोर सांगितले. ठेकेदाराचा आचारी म्हातारा होता, तो हसला आणि म्हणाला, "साहेब, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मी माझी फोड आधी काढून ठेवतो." त्यानंतरची मागणी सोपी होती: गंज सर्वांच्या देखत उघडायचा आणि फोडी मोजून वाढायच्या, माणशी चार. दोन आठवडे घासाघीस झाली आणि चारांवर तडजोड न होता चारच मिळाल्या. रस्साही सुधारला, कारण त्याच म्हाताऱ्याला बूड खरवडायचे कळत होते. पूर्वी त्याला कोणी तेवढा वेळ देत नव्हते.

खानावळीचे हे झाले. घरची खानावळ त्याहून अवघड. आपल्या पुष्कळ घरांत पुरुष आणि मुले आधी जेवतात, आणि घरची बाई शेवटी गंज पुसून रश्श्यात भाकरी चुरते. तिच्या वाट्याला चव येते, मांस येत नाही. आणि आपल्याकडे रक्त कमी असण्याचा आजार बायकांतच जास्त आढळतो. मांसातले लोह शरीर धान्य-भाजीतल्या लोहापेक्षा सहज उचलते. तेव्हा घरच्या गंजातल्या फोडीही आधी मोजाव्यात, आणि तिचा हिस्सा वाढायला बसण्यापूर्वीच वाटीत काढून झाकून ठेवावा. ह्यावर सभेत पुरुष मंडळी हसतात, असा आमचा अनुभव आहे. बायका हसत नाहीत.

उरलेल्या रसाविषयी थोडे. तो थंड झाला की सरेसामुळे थुलथुलीत होतो. बिघडला असे समजू नये, गरम करताच पातळ होतो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात तो एका तासापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. थंड कपाट असेल तर त्यात ठेवून दुसऱ्या दिवशी पुरती उकळी आणून संपवावा. काढून ठेवलेली चरबी फडक्यातून गाळून कोरड्या बरणीत भरावी. तीत चिरलेला बटाटा परतून पाहा, वर फक्त मीठ.