पकडीची विद्या

खांदेश्वर हे हार्बर मार्गावरील पनवेलच्या अलीकडचे स्टेशन. महादेवाचे देऊळ, जवळचे तळे आणि भोवती दाटलेल्या इमारती, एवढेच पाहून उतारू पुढे जातो. पण हा मुलूख रायगड जिल्ह्यातला, आणि रायगडाला कबड्डीचे वेड केवढे, हे वाचकांना सांगावयास नको. इकडच्या एखाद्या पोराला विचारावे, ‘काय रे, तू काय खेळतोस?’ बहुधा उत्तर येते, ‘चढाई!’ ‘मी पकड करतो’ म्हणून छाती पुढे काढणारा विरळा. टाळ्या चढाईला पडतात, आईबापांच्याही!

वास्तविक चढाई तीस सेकंदांची आणि एकट्याची. पकडीला सातजणांनी एका मनाने हलावे लागते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा तिच्याही मागे एक मीटरवर. निदान रेषा ओलांडल्यावाचून, किंवा कुणाला शिवल्यावाचून, चढाईवाल्याला परतता येत नाही. म्हणजे त्याला आत यावेच लागते! शहाणा कोपरारक्षक म्हणून मागे सरतो, त्याला खोल येऊ देतो. नवशिका नेमका इथेच फसतो. समोर पाय दिसला की झेप घेतो, आणि हात मोकळा राहून गडी मात्र बाद होतो.

हातापायांच्या हुलकावण्यांना भुलू नये. नजर कमरेवर ठेवावी, कारण कंबर सहसा खोटे बोलत नाही. चढाईवाला परतण्यासाठी वळतो तो क्षण आपला. मागे राहिलेला घोटा दोन्ही हातांनी धरून उचलावा. एका पायावरचा पैलवानदेखील लटपटतो. तोवर मधल्या जोडीची साखळी त्याच्या वाटेत आडवी आलेली हवी. ती उशिरा आली, तर धरणाऱ्यालाच फरफटत नेऊन तो मध्यरेषेला हात लावतो. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले असता केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, ते उगाच नव्हेत.

दूरदेशीच्या बर्फावरील हॉकीतही रक्षकाला हेच शिकवितात. तोंड प्रतिस्पर्ध्याकडे ठेवून तो पाठीमागे घसरत जातो, चकतीऐवजी त्याच्या छातीकडे पाहतो, आणि त्याला हळूहळू कडेच्या फळीकडे रेटतो.

पकडीची उपेक्षा केवढी महाग पडते, हे २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दिसले. १९९० पासून पुरुषांचे सुवर्णपदक भारताखेरीज कुणी नेले नव्हते. उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ असे हरविले. त्या संघातला फजल अत्राचली हा डावा कोपरारक्षक आपल्याच प्रो कबड्डीत, मुंबईच्या संघातून, नावारूपाला आला होता. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराण २७-२४ असा जिंकला, आणि त्या मुलींच्या प्रशिक्षिका कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! (पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे दोन्ही सुवर्णपदके परत आली.)

घरच्या मुलाला पकड शिकवावयाची तर आधी नुसते सरकणे शिकवावे: शेजारच्या गड्याचा हात धरून, पाय न गुंतविता, मागे-पुढे. मुलांना हे फार कंटाळवाणे वाटते, वाटू द्यावे. घोट्याला हात घालणे त्यानंतर, आणि तेही मऊ मातीत किंवा मॅटवर, जाणत्याच्या देखरेखीखाली.

एक गोष्ट गृहिणींसाठी. नखे कापलेली असावीत आणि अंगाला तेल नसावे, असा खेळाचा नियम आहे. तेव्हा अभ्यंगस्नानाच्या दिवशी सामना असेल, तर चिरंजीवांना शिकेकाई लावून नीट चोळून मगच मैदानावर धाडावे!