विरळ हवेतला सोबती

नेपाळमधलं गोसाईकुंड ४,३८० मीटर उंचीवर आहे आणि पायथ्याचं धुंचे गाव सुमारे २,००० मीटरवर. या वाटेवर गावातलं एखादं केसाळ कुत्रं बरेचदा आपणहून सोबतीला येतं. शेवटच्या चढावर माणसं दर दहा पावलांना थांबतात. ते मात्र दगड हुंगत पुढे जातं, मागे वळून पाहतं आणि पुन्हा चालू लागतं. कुंडाच्या काठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही तेवढाच. मग त्या कुत्र्याला दम का लागत नाही?

याचं बरंचसं उत्तर तिबेटी मॅस्टिफ या कुत्र्यांच्या जातीच्या जनुकांत सापडलं. प्राणवायू कमी पडला की शरीर तांबड्या पेशी वाढवतं. त्या बेसुमार वाढल्या तर रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो. या वाढीला लगाम घालणारं ‘ईपीएएस१’ जनुकाचं खास रूप मॅस्टिफमध्ये आहे. ते त्याला तिबेटी लांडग्याशी झालेल्या संकरातून मिळालं, हे २०१७ मध्ये स्पष्ट झालं. गंमत म्हणजे तिबेटी माणसांतही याच जनुकाचं खास रूप आहे आणि तेही उसनंच! ते डेनिसोव्हन या लुप्त मानवाकडून आल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. तिबेटच्या पठारावर आधीपासून रुळलेल्या नातलगाकडून लांडग्याच्या वंशजानं जे घेतलं, तेच माणसानंही घेतलं.

नेपाळमधली ‘मेरा’ ही भटकी कुत्री २०१८ मध्ये गिर्यारोहकांमागोमाग ७,१२९ मीटर उंच बरुन्त्से शिखरावर पोचली. तिच्यातही मॅस्टिफचं रक्त असावं, असा अंदाज आहे.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रॅडॉरकडे हा वारसा नाही. शिवाय कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवतं. उंचावरच्या कोरड्या हवेत प्रत्येक धापेबरोबर पाणी जातं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर सपाटीवरही श्वास पुरत नाही.

उंचीचा त्रास झाला तरी कुत्र्याला ‘डोकं दुखतंय’ असं सांगता येत नाही; म्हणून त्याच्या हिरड्या पाहाव्यात. बोटानं दाबल्यावर पांढरी पडलेली गुलाबी हिरडी दोन सेकंदांच्या आत पूर्ववत व्हायला हवी. हिरड्या निळसर दिसल्या, खोकला लागला किंवा तोल जाऊ लागला, तर थांबून वाट पाहू नका. लगेच खाली उतरा.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा माणसांसाठीचा नियम. घरचं कुत्रं नेणारच असाल, तर निदान तेवढा तरी पाळा. त्याहून बरं म्हणजे त्याला घरीच ठेवा.