प्याल्यातील निदान

ठाणाकुशनूरसारख्या सीमाभागातील गावी, ज्वारी-तुरीच्या शिवारात आयुष्य गेलेल्या बालरोगतज्ज्ञाने रेड वाइनवर लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु वैद्यक आणि वाइन यांचे नाते जुने आहे. छाती बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत १७६१ साली ग्रंथरूपाने मांडणारे लिओपोल्ड आउएनब्रुगर हे ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील एका खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंप ठोकून त्यातील वाइन कुठवर आहे हे वडील ओळखत. त्यावरूनच ही युक्ती सुचली, असे सांगतात.

काही वर्षांपूर्वी अकलूज येथील फ्रातेल्ली वायनरी पाहण्याचा योग आला. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षांपासून केलेली ‘सेत्ते’ समोर आली. वाइनची परीक्षाही रुग्णतपासणीप्रमाणेच क्रमाने करावयाची असते. प्रथम दर्शन. पांढऱ्या कागदावर प्याला तिरपा धरावा. कडेला जांभळी झाक असल्यास वाइन तरुण, विटकरी असल्यास वयस्क. नंतर गंध. प्याला हलकेच फिरवून नाक आत न्यावे. मला जांभूळ, लवंग आणि जुन्या लाकडी पेटीचा वास जाणवला. शेवटी चव. घोट जिभेवर घोळवताना दूध आणि साईचे दूध यांत जो फरक जाणवतो, तोच हलक्या आणि भरदार वाइनमध्ये असतो. हिरड्या आवळल्यासारखे वाटते ते टॅनिनमुळे. काळ्या द्राक्षांचा रस बहुधा फिकाच असतो. रंग आणि टॅनिन येते ते मुख्यतः साल व बियांमधून.

पहिल्याच घोटाला मी निकाल दिला, “फार तुरट आहे.” तेथील तरुण हसून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, घाई करू नका. तिला जरा हवा लागू द्या.” अर्ध्या तासाने तोच प्याला पुन्हा उचलला. तुरटपणा मवाळ झाला होता आणि मागे दडलेले फळ पुढे आले होते. वाइनही थोडी बदलली होती आणि मीही थोडा शांत झालो होतो.

परतताना मला एक जुने बाळ आठवले. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, बाहेर रुग्णांची रांग असताना, आकांत करणाऱ्या त्या बाळाच्या छातीला मी घाईने नळी लावली आणि सर्दीचे औषध देऊन पाठवले. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा आईच्या कुशीत झोपलेले होते. त्या शांततेत मर्मर स्पष्ट ऐकू आली. हृदयाच्या पडद्याला छिद्र होते. पुढे शस्त्रक्रिया होऊन ते सुधारले. परंतु ते तीन आठवडे माझ्या घाईचे होते. तेव्हापासून रडणारे मूल मी आधी आईच्या मांडीवर निवू देतो, मगच तपासतो.

हे लेखन वाइनची भलामण नव्हे. १९९२ साली ‘लॅन्सेट’मधील फ्रेंच हृदयांविषयीच्या लेखानंतर रेड वाइन हृदयाला हितकर अशी समजूत जगभर बळावली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२३ साली स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. जाणकार परीक्षक घोट थुंकून टाकतात, तो काही उगाच नव्हे. आणि सर्दी झालेल्या तान्ह्याला चमचाभर ब्रँडी पाजणाऱ्या आजी आपल्या दवाखान्यात आल्या, तर त्यांना रागावू नये. शेजारी बसवून समजावून सांगावे. त्यालाही थोडा वेळ द्यावाच लागतो.