मिंक व पाण्याचे कुंड
फरसाठी पाळला जाणारा मिंक हा मूळचा पाणथळीतील, मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी होय. तारेच्या पिंजऱ्यात तो तासन्‌तास एकाच वाटेने येरझारा घालतो. ही चपळाई नव्हे, कोंडमाऱ्याचे लक्षण होय. त्यास काय हवे, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जणू त्यालाच विचारले. खेळणी, बोगदा, उंच फळी, कुंड अशा सोयींच्या दारांना उत्तरोत्तर जड वजने लावली. कुंडासाठी मिंकांनी सर्वाधिक जोर केला. ते एक दिवस बंद ठेवताच मूत्रातील कॉर्टिसॉल हे ताणदर्शक द्रव्य उपाशी ठेवल्याइतकेच वाढले. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. पेंढा, नळी व चघळण्यास दोरखंड अवश्य द्यावा; परंतु ही साधने स्वस्त आहेत म्हणून पुरेशी आहेत, असे पालकाने समजू नये.