गोंगाटात हरवणारी मदत

परदेशात नव्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसाला सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक आधार लागतो तो शेजारच्या सहकाऱ्याचा. नियमपुस्तिकेत न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी तोच सांगू शकतो. पण भिंती नसलेल्या विस्तीर्ण कार्यालयात तो सहकारी कानांवर हेडफोन चढवून बसलेला असतो आणि ‘इथली माणसे कोरडी’ असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. वास्तविक, दोष अनेकदा स्वभावाचा नसून परिसराचा असतो.

केनेथ मॅथ्यूज आणि लान्स कॅनन या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ सालचा एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. हाताला प्लास्टर असलेल्या माणसाची पुस्तके रस्त्यात पडली, तेव्हा शांत वातावरणात सुमारे ८० टक्के वाटसरू मदतीला धावले. जवळच गवत कापण्याचे यंत्र घरघरत असताना हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले. गोंगाटात लक्षाचा परीघ आक्रसतो आणि समोरच्याची अडचण नजरेतून निसटते, असा याचा एक अर्थ लावला जातो.

कार्यालयातील आवाज इतका कर्कश नसतो, तरी तो निरुपद्रवी नाही. गॅरी इव्हान्स आणि डाना जॉन्सन यांनी २००० साली ४० महिला कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, खुल्या कार्यालयासारख्या सौम्य आवाजात तीन तास काम केल्यानंतर त्यांच्या शरीरातील ॲड्रेनालिन वाढले होते आणि अवघड कोडी सोडवण्याचे प्रयत्न घटले होते. तरीही आपल्यावर अधिक ताण आल्याचे त्यांनी सांगितले नाही. शरीर थकते, मनाला मात्र त्याचा पत्ता नसतो.

भिंती पाडल्या की संवाद वाढेल, ही अपेक्षाही फोल ठरली. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांच्या २०१८ सालच्या संशोधनात, खुल्या रचनेत गेल्यावर प्रत्यक्ष संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल वाढले. आडोसा हरपला की माणूस आपल्यापुरती अदृश्य भिंत उभारतो.

म्हणून व्यवस्थापनाने बोलण्यासाठी छोट्या खोल्या आणि एकाग्रतेसाठी शांत कोपरे द्यायला हवेत. ज्येष्ठांनी दिवसातला एखादा तास हेडफोन उतरवून नवागतांसाठी राखावा. आणि नवागतांनी सहकाऱ्याच्या मौनाला नकार समजू नये. तोच प्रश्न चहाच्या वेळी, निवांत जागी पुन्हा विचारून पाहावा.