न हललेला हात हलतो तेव्हा

डोळे मिटलेल्या माणसाचा हात आधारावर स्थिर ठेवून दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेला सेकंदाला सुमारे १०० कंपने दिली, तर कोपर सरळ होत चालल्याचे त्याला जाणवते. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी १९७२ साली हा भ्रम तपशिलात मांडला. तोवर हातापायांच्या स्थितीची जाणीव मुख्यतः सांध्यांतून येते, असे बहुतेक शरीरशास्त्रज्ञ मानत. माझ्या मते, त्या समजाला याहून सरळ उत्तर नाही. स्नायूची लांबी टिपणारे संवेदक कंपनाने उत्तेजित होतात आणि मेंदू त्याचा अर्थ ‘स्नायू ताणला जातोय’ असा लावतो.

कंपने सांध्यालाही पोचत असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण तीच कंपने दंडामागच्या स्नायूच्या कंडरेला दिली की भ्रमाची दिशा उलटते. सांधा तर तोच असतो. हात खरोखरच थोडा हलत असेल, असेही म्हणता येईल. मात्र कंपनामुळे दंडाचा पुढचा स्नायू आपोआप आकुंचन पावतो, म्हणजे हात वाकायला बघतो. जाणवते ते नेमके उलटे! बोटांच्या हालचालीच्या जाणिवेत त्वचेच्या ताणाचाही वाटा असतो, एवढी भर मात्र या सिद्धांतात घालावी लागते.