वाहतं पाणी, कुणाचं पाणी? (भाग ७) : ओढा सुधारला, म्हणून पाट झाला?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या रुबी नदीवरच्या पुलांबद्दल लिहीन असं म्हटलं होतं, पण ते पूल आणखी आठवडाभर थांबतील. साताऱ्याकडच्या एका शेतकरी वाचकांनी विचारलंय, ‘‘मोंटानात भरल्या पाण्याच्या खुणेच्या आत कुणीही गळ टाकून उभं राहू शकतो, हे कळलं. पण मालकानं पदरमोड करून ओढा जिवंत केला असेल, तरी कुणीही यावं?’’

अगदी याच प्रश्नावर मोंटानातल्याच बिटररूट नदीच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि माझं ते फार लाडकं भांडण आहे.

मिचेल स्लू म्हणजे बिटररूट नदीच्या पूर्वेला फुटून खाली परत नदीलाच मिळणारा फाटा. शेतकऱ्यांनी त्याच्या तोंडाशी पाण्याची दारं बसवली, त्यातून शेतांना पाणी नेलं. शेतात मुरलेलं पाणी झिरपून पुन्हा त्यातच यायचं. पुढे काठच्या जमिनी पैसेवाल्यांनी घेतल्या. गायक ह्यूई लुईस त्यांतलेच. या मंडळींनी पात्राची खरोखर निगा राखली : गुरांना काठापासून लांब ठेवलं, गाळ हटवला, डोह केले, ट्राउट माशांना अंडी घालायला जागा केली. मासे वाढले. मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे गळ टाकणाऱ्या आसपासच्या लोकांना मज्जाव झाला.

मालकांचं म्हणणं असं : लोकांना पात्रात यायची मुभा देणाऱ्या 1985 च्या कायद्यानं पाट वगळलेले आहेत, माणसाचा एवढा हात फिरल्यावर हा नैसर्गिक प्रवाह राहिलाच कुठे? हा पाटच. खालच्या कोर्टाला ते पटलं. 2008 मध्ये मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल एकमतानं फिरवला. 1872 च्या सरकारी नकाशात साधारण त्याच वाटेनं प्रवाह दाखवलेला होता. शिवाय माणसानं बदललेला प्रवाह नैसर्गिक धरायचाच नाही म्हटलं, तर मोंटानातल्या कितीतरी नद्या कायद्याबाहेर जातील.

या निकालाची बातमी झाली ती गळवाल्यांचा विजय म्हणून. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. मोंटानात 1975 पासून एक कायदा आहे. नैसर्गिक, बारमाही प्रवाहाच्या पात्राला किंवा काठाला हात लावायचा, तर आधी स्थानिक संवर्धन मंडळाची परवानगी लागते. पाटाला लागत नाही. म्हणजे मिचेल पाट ठरला असता तर गळवाले बाहेर राहिले असते हे खरं, पण संरक्षणही बाहेर राहिलं असतं. आजच्या मालकाला माशांची हौस आहे. उद्याच्यानं तिथे जेसीबी घातला असता, तर त्याला कुठल्या कायद्यानं अडवायचं?

म्हणून वाचकांना माझं उत्तर असं : खर्च केला म्हणून ओढ्याची जात बदलत नाही, आणि बदलू नये यातच त्या खर्चाची राखण आहे. मालकाच्या हातात काहीच उरत नाही, असंही नाही. त्याची जमीन तुडवून पाण्यापर्यंत जायचा हक्क मोंटानात कुणालाही मिळालेला नाही. मालकाची परवानगी नसेल तर सार्वजनिक जागेतूनच पात्रात उतरावं लागतं. अतिवापरानं नुकसान होत असेल तर वापरावर बंधनं घालायची सोयही कायद्यातच आहे.

पण सार्वजनिक जागा म्हणजे बहुतेक वेळा रस्त्यावरचा पूल, आणि पुलाच्या कठड्याला तारेचं कुंपण बांधलेलं असलं तर? पुढच्या भागात रुबी नदी, 2009 चा पुलांचा कायदा आणि 2014 चा निकाल. आपल्याकडच्या जमीन महसूल संहितेतलं कलम 20 त्यानंतर. त्यात नदी-नाल्यांच्या पात्रांचा विषय आहे, तेव्हा साताऱ्याच्या वाचकांनी तोवर तलाठ्याकडे जाऊन आपला ओढा गावनकाशात कुठून कुठे जातो ते बघून ठेवावं.